आई, पुढच्या वेळी मी नाही येत

कल्याणहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे. त्यातला मुख्य भाग इथे देते.

"ताई, मे महिन्यात मुलांना मुंबईतल्या एका मोठ्या सभागृहात परीकथेवरचा इंग्रजी संगीत प्रयोग बघायला नेलं. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. सोबत सासूबाई होत्या, त्यांना डायबेटिस आहे. ह्यांना रविवारीही ड्यूटी असते. तिकिटं साडेसातशेची, चार मिळून तीन हजार. तेवढे पैसे मी तीन महिने बाजूला काढले होते. दारात पिशवी तपासली आणि डबा, पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायला लावल्या. मध्यंतरात दोन पॉपकॉर्न ७००, दोन कोल्ड्रिंक ४००, पाण्याच्या दोन बाटल्या १२०, सासूबाईंना सँडविच २८०. मुलाने लाइटच्या तलवारीसाठी लोळण घेतली, ती ६५०. मग मुलीलाही विचारलं, तिचा मुकुट ४५०. बाहेर पडताना फोटो ५००. घरी येऊन लिहून काढलं तर ३,१०० रुपये. तिकिटांपेक्षा शंभर जास्तच! गाडीत मी कोणाशी बोलले नाही. रात्री मुलगी जवळ येऊन म्हणाली, 'आई, पुढच्या वेळी मी नाही येत. म्हणजे तुझे पैसे वाचतील.' मला रडूच आलं. आता ठाण्याच्या नणंदबाई दिवाळीच्या सुट्टीत त्यांची दोन आणि आमची दोन अशी सगळी मुलं घेऊन तशाच एका प्रयोगाला जाऊ म्हणतायत. त्यांची मुलं जे घेतील तेच माझ्यांना हवं होणार. नाही म्हटलं तर वाईट दिसतं, हो म्हटलं तर परत तेच. मी कंजूष आहे का हो?"

सप्रेम नमस्कार,

नाही, तुम्ही कंजूष नाही. कंजूष बाई तीन महिने पैसे बाजूला काढून मुलांना आणि सासूबाईंना प्रयोगाला नेत नाही. तो विषय इथेच संपला.

मी पंधरा वर्षं एका बालनाट्य संस्थेचा कपडेपट सांभाळला. मुलांचे प्रयोग मी खुर्चीत बसून कमी आणि विंगेत उभं राहून जास्त पाहिले आहेत. मध्यंतरात हातात सुईदोरा घेऊन चहाला बाहेर यायचे तेव्हा तुमच्यासारख्या आया रोज दिसायच्या. एका हाताने पर्स उघडतायत, दुसऱ्या हाताने मुलाचं मनगट धरलंय, मागून कोणी तरी "चला ना, ताई" म्हणतंय. तो चेहरा मला पाठ आहे. तुमचं पत्र वाचताना तोच समोर आला.

तिकिटांचे तीन हजार तुम्ही घरी बसून ठरवलेत. एकतीसशे मात्र मध्यंतरात आणि बाहेर पडताना, उभ्याउभ्या, लोकांसमोर गेले. त्यातला एकही रुपया ठरवून गेलेला नाही. परतीच्या गाडीत तुम्हाला जे डाचत होतं ते हे, असं मला वाटतं. आकडा तेवढाच असता, पण "चला, आज मुलांवर सहा हजार खर्च करायचेत" असं म्हणून निघाला असतात, तर तुम्ही गाडीत गप्प बसला नसता. आणि मुलगी रात्री जवळ येऊन ते बोलली नसती.

म्हणून माझा सगळा सल्ला एकाच गोष्टीपाशी येतो. "हो" कशाला आणि "नाही" कशाला, हे घरी ठरवायचं. काउंटरसमोर काहीही ठरवायचं नाही. ती जागा ठरवण्यासाठी नाहीच.

ती जागा कशी असते ते सांगते, म्हणजे तुमची स्वतःवरची चीड थोडी कमी होईल. सभागृहात खाण्याच्या काउंटरचा बहुतेक ठिकाणी ठेका दिलेला असतो. ठेकेदार जागेचे पैसे भरतो, माणसं ठेवतो, यंत्रं लावतो, आणि त्याचा खरा धंदा होतो तो प्रयोगाआधीच्या वीस मिनिटांत आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत. बाकी वेळ सगळं नुसतं उभं. शिवाय गिऱ्हाईक बाहेर जाऊ शकत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा दहा-पंधरा रुपयांना मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बाहेर गेलात तर दुसरा अंक बुडतो. भाव तिथून चढतो. पॉपकॉर्नच्या मक्याला काय पडतं ते तुम्ही घरी करता म्हणून तुम्हाला माहीतच आहे.

वस्तूंच्या दुकानाचं तर आणखी वेगळं. मोठ्या प्रयोगांमध्ये तलवारी, मुकुट, टी-शर्ट यांची विक्री हा कमाईचा ठरलेला भाग असतो, मागाहून सुचलेला नाही. दुकान कुठे मांडतात ते पुढच्या वेळी नीट बघा. आत शिरताना, मध्यंतरात आणि घरी जाताना, तिन्ही वेळा पोरं त्याच्यासमोरून जातील अशा जागी. लाइटच्या वस्तू खालच्या फळीवर, सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर. विकणारा मुलगा एक तलवार पेटवून फिरवत असतो. तुमच्या लेकाने लोळण घेतली त्यात त्याचं वळण वाईट असं काही नाही. इतक्या विचाराने मांडलेल्या गोष्टीपुढे सहा वर्षांचं पोर टिकत नाही. काउंटरवरच्या त्या विकणाऱ्या मुलावरही राग धरू नका. भाव त्याने लावलेला नसतो, आणि रात्री शेवटच्या लोकलने तोही तुमच्यासारखाच घरी जातो.

आता दिवाळीच्या प्रयोगाबद्दल.

आधी पोटाचं बघू, कारण तिथे सगळ्यात सहज पैसे वाचतात. पत्रावरून दिसतंय की तुम्ही डबा आत नेऊन मध्यंतरात उघडणार होतात. पुढच्या वेळी डबा दाराबाहेरच संपवायचा. प्रयोग चारचा असेल तर साडेतीनला जवळपास बाग, कट्टा, निदान स्टेशनचा बाक शोधा आणि तिथे सगळ्यांना पोटभर खायला घाला. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशमी-चटणी, मेथीचे ठेपले, गुळपोळी, जे तुमच्या हातचं मुलं मागून खातात ते. नुसती बिस्किटं आणि चिप्स देऊ नका, त्याने तहान वाढते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. पोट भरलेलं मूल मध्यंतरात पॉपकॉर्न मागतं ते वासाने मागतं, भुकेने नाही. वासाच्या मागणीला सगळ्यांत मिळून एक मोठा पुडा पुरतो. प्रत्येकी एकेक लागत नाही. एक पुडा जरूर घ्या. मुलांना अंधारात सगळ्यांच्या हातांनी एका पुड्यातून खाण्यात जी गंमत येते ती वेगवेगळ्या पुड्यांत येत नाही.

मध्यंतरातला आणखी एक खर्च माणसं विसरतात, तो वेळेचा. पंधरा मिनिटांत बाथरूमची रांग आणि खाण्याची रांग दोन्ही होत नाहीत. दोन मोठी माणसं असतील तर पडदा पडल्या पडल्या एकीने मुलांना घेऊन थेट बाथरूमकडे जायचं. परत येईपर्यंत पहिली घंटा होते आणि बघता बघता अर्धा मोह रांगेतच विरून जातो.

सासूबाईंचं मात्र वेगळं. त्यांना डायबेटिस आहे, त्यांचं खाणं वेळेवर व्हायलाच हवं, आणि साखर उतरली तर तोंडात टाकायला जवळ काही तरी हवंच. हे सभागृहाच्या मर्जीवर सोडू नका. चार दिवस आधी फोन करा, सांगा की सोबत ज्येष्ठ मधुमेही व्यक्ती आहे, पर्समध्ये ग्लुकोजची गोळी आणि बिस्किटाचा छोटा पुडा असेल. कोणाशी बोललात त्यांचं नाव लिहून ठेवा. शक्य असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. दारावरच्या माणसाला असं ठोस सांगितलं की तो बहुतेक वेळा वाट देतो. त्याचं काम पिशव्या अडवायचं आहे, म्हातारीला उपाशी ठेवायचं नाही.

पाण्याबद्दल तुम्हाला एक माहिती असायला हवी. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निकाल दिला. सिनेमागृहाला बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट उपलब्ध हवं आणि आईवडिलांना तान्ह्या बाळापुरतं खाणं नेता यायला हवं, असं त्यात म्हटलं आहे. तो निकाल सिनेमागृहांचा आहे, नाटकाच्या सभागृहाला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही. पण "पिण्याचं पाणी कुठे आहे?" हे विचारायला कोणताही निकाल लागत नाही. विचाराच. पुष्कळ ठिकाणी पाण्याची मशीन कुठल्या तरी कोपऱ्यात, बाथरूमच्या बोळात असते आणि काउंटरवरून ती दिसत नाही. रिकामी बाटली दारावर बहुधा अडवत नाहीत. भरलेली आधी पिऊन टाका, रिकामी आत न्या.

बाटलीबंद पाणी घेतलंत तर त्यावरची छापील किंमत वाचा. वेष्टनबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही, हा २०११ च्या वजनमापे नियमांतला जुना नियम आहे. १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूवर बाजारात एक आणि सभागृहात दुसरी अशा दोन किमती छापायलाही बंदी आहे. हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी, तिथे सेवेचे पैसे धरायला सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली आहे. तुमच्यासारखी काउंटरवर उभं राहून घेतलेली बाटली छापील किमतीहून महाग लावली असेल, तर बिल मागा, बाटलीचा फोटो काढा आणि घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. तिथल्या तिथे भांडू नका. मुलांची संध्याकाळ त्या भांडणात जाते, आणि समोरच्या पोराच्या हातात काही नसतं. पॉपकॉर्न आणि सँडविच सुटे पदार्थ, त्यांच्यावर किंमत छापलेली नसते. तिथे कायदा तुमच्या मदतीला येत नाही, तिथे फक्त तुमचं आधी ठरवलेलं कामी येतं.

आता तलवार.

तुमच्या घरातली ती तलवार आज कुठे आहे? मी पैजेवर सांगते, पलंगाखाली आहे आणि पेटत नाही. या खेळण्यांच्या मुठीत तीन-चार बटणाएवढे सेल असतात. मुलं ते रात्रंदिवस लावून ठेवतात, चार-पाच दिवसांत उजेड पिवळा पडतो, मग बंद. सेल बदलायचे म्हटले तर दुकानात पटकन मिळत नाहीत. एकदा ती तलवार हातात घेऊन मुठीचं झाकण बघा. त्याला बारीक स्क्रू आहे का? नसेल आणि झाकण नखाने निघत असेल, तर आजच्या आज सेल काढून टाका. हे मी पैशांसाठी सांगत नाही. बटणाचा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. तसं काही झाल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. सहाशे-साडेसहाशे रुपये मोजताना वेष्टनावर ते चिन्ह शोधण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सापडलं नाही तर "हे घेणार नाही" म्हणायला इतकं खरं कारण दुसरं नाही, आणि ते सहा वर्षांच्या मुलालाही समजतं.

विंगेतून काय दिसतं तेही सांगते, कारण खुर्चीत बसलेल्यांना ते कळत नाही. दुसऱ्या अंकात रंगमंचावर काळोख करून एखादी हळवी जागा येते, राजकन्या एकटी असते, आणि समोरच्या अंधारात निळे-लाल ठिपके लुकलुकत असतात. ज्याच्या हातात तलवार आहे तो प्रयोग बघत नसतो. तो तलवार बघत असतो. त्याच्या मागच्या रांगेतलं मूल तीच तलवार बघत असतं. तुम्ही साडेसातशे मोजलेत ते त्या अंधारासाठी, आणि मध्यंतरात साडेसहाशे देऊन तोच अंधार घालवला जातो. मी कपडे सांभाळणारी बाई, पण त्या ठिपक्यांनी माझाही जीव तुटायचा.

म्हणून वस्तूंचा नियम एकच ठेवा: मध्यंतरात काही घ्यायचं नाही, घ्यायचं ते प्रयोग संपल्यावर. हे निघायच्या आदल्या दिवशी सांगा, गाडीत पुन्हा सांगा, दाराशी तिसऱ्यांदा. आत गेल्यावर "आपलं काय ठरलंय?" एवढंच विचारा. मुलांना नियम आवडत नाहीत, पण नियम सगळ्यांना सारखा आहे हे कळलं की ती तो पाळतात. प्रयोग संपेपर्यंत अर्धी इच्छा ओसरलेली असते. जी उरते ती खरी. ती पुरवायला हरकत नाही.

आणि पैसे रोख द्या. हे मी आग्रहाने सांगते. आपण आता फोन टेकवतो, टुंग वाजतं, वस्तू हातात येते. मुलाला पैसे जाताना दिसतच नाहीत. त्याला वाटतं आईच्या फोनमध्ये ते असतातच. दोन पाकिटं करा. मुलीच्या पाकिटात दोनशे, मुलाच्या पाकिटात दोनशे, वर त्यांची नावं. आकडा तुमच्या घराला झेपेल तो ठेवा, शंभर ठेवलेत तरी चालेल. मात्र तो आदल्या दिवशी ठरलेला हवा आणि तिथे गेल्यावर वाढता कामा नये. उरतील ते त्यांचे. घरी येऊन ते गल्ल्यात टाकतील, कोपऱ्यावरची कुल्फी खातील, त्यांची मर्जी. मुलगा लहान आहे, त्याच्यासाठी निवड दोनातच ठेवा: "तिथे काही बघायचंय की पैसे घेऊन घरी येऊन पतंग आणायचाय?" पन्नास पर्याय समोर ठेवले की तो पुन्हा लोळणार.

दोनशेत तिथे काही येणार नाही असं तुम्ही म्हणाल. बहुतेक वेळा नाहीच येत. मग मूल स्वतः किंमत वाचतं, स्वतःची नोट बघतं आणि स्वतः मागे फिरतं. मी हे माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिलं आहे. त्याला मी त्याआधी एकदा एका प्रयोगाला नेलं होतं आणि दुकानापुढे सगळ्यांसमोर फटकारलं होतं. "किती हावरट झालायस" म्हणाले होते. तो आता तेवीस वर्षांचा आहे. त्या प्रयोगातलं त्याला काहीच आठवत नाही, माझं ते वाक्य मात्र आठवतं. पुढच्या वर्षी मी त्याला पाकीट दिलं. त्याने दुकानाच्या टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या, एक पेन उचललं, ठेवलं, आणि शेवटी बाहेर येऊन एका फुगेवाल्याकडून तीस रुपयांची भिंगरी घेतली. गाडीत दारात उभं राहून ती फिरवत आला. ती भिंगरी फाटेपर्यंत त्याच्या खिडकीला होती.

तिथे काढून विकतात तो फोटो मात्र घेऊ नका. तुमच्या फोनने, प्रवेशद्वाराच्या पाटीसमोर, सासूबाईंना मध्ये उभं करून काढा. मराठी बालनाट्याला गेलात तर प्रयोगानंतर नट बरेचदा वेषातच मुलांना भेटतात, राक्षसाशी हात मिळवता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि एक छोटी वही करा. हल्ली तिकीट फोनवर येतं, फाडलेलं अर्धं तिकीट जपायची सोय राहिलेली नाही. म्हणून घरी आल्यावर वहीत तारीख, सभागृहाचं नाव, कोणाशेजारी कोण बसलं होतं आणि एक चित्र.

नणंदबाईंना काय सांगायचं हा तुमचा खरा प्रश्न, नाही का? त्यांना आजच फोन करा, प्रयोगाच्या दिवसाची वाट बघू नका. चार वाक्यं पुरतात: "ताई, मुलं सगळी एकत्र जाणार म्हणून खूप खूश आहेत. मी माझ्या दोघांना खाऊ-खेळण्यासाठी दोनशे-दोनशे देणार आहे आणि खरेदी प्रयोग संपल्यावर, असं ठरवलंय. तुम्ही पण तेच ठेवलंत तर चौघांचं आपसात वाजणार नाही. आत जायच्या आधी खायचा डबा मी आणते." यात तुमची परिस्थिती सांगावी लागत नाही, त्यांची काढावी लागत नाही. बहुतेक वेळा समोरूनही सुटकाच होते. दोन मुलांच्या मागण्या ठाण्यातही दोनच असतात, आणि "बरं झालं तू बोललीस" असं उत्तर आलं तर मला अजिबात नवल वाटणार नाही.

त्या कदाचित म्हणतील, "अगं, माझ्यातर्फे घेते मी चौघांना." मनापासून म्हणतील. आत्याने भाच्यांना काही घेणं आपल्याकडे हक्काचंच आहे, त्याला नाही म्हणू नका. एवढंच म्हणा, "मग तुम्ही भाऊबीजेला द्या ना त्यांना, तिथे नको." आणि त्यांनी तरीही तिथे त्यांच्या मुलांना मोठं काही घेतलं, तर घेऊ द्या. तुमचा मुलगा रडेल. पाच मिनिटं रडेल. त्याला बाजूला, दुकानापासून लांब न्या, त्याच्या उंचीला खाली बसा आणि म्हणा, "तुला हवंय ते मला कळतंय. आज नाही." समजूत घालायला भाषण नको, आमिष तर नकोच. तुम्ही लोकांकडे बघू नका, लोक त्यांच्या मुलांच्या मागे आहेत.

प्रयोग कोणता, हेही नणंदबाईंशी बोलायला हरकत नाही. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मराठी बालनाट्यांचे प्रयोग लागतात. तुमच्या कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह, नणंदबाईंच्या ठाण्यात गडकरी रंगायतन आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. जाहिराती बघा, प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की लवकर तिकिटं काढा, पुढच्या रांगा लगेच जातात. बालनाट्याच्या दिग्दर्शिका सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुलांसाठी लिटल थिएटर ही नाट्यसंस्था सुरू केली. मोठ्यांच्या नाटकासारखंच नेपथ्य, तशीच प्रकाशयोजना, राक्षस उगाच घाबरवणारा नाही पण खराखुरा, हा हट्ट त्यांचा. तिथून हे सगळं चालत आलेलं आहे. मी त्याच वाटेवरची एक कपडे शिवणारी, म्हणून माझा ओढा तिकडे आहे हे उघड आहे. पण तुमच्या हिशोबानेही ते बसतं. मध्यंतरात बटाटावडा खाणं हा आपल्याकडे नाटकाचाच भाग. दादरच्या शिवाजी मंदिरचा वडा खायला म्हणून नाटकाला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. गरम वडा कागदावर, तेल कागदाला लागलेलं, हिरवी मिरची, तोंड भाजत असताना दुसरी घंटा होते आणि उरलेला घास गालात धरून पळायचं. तो खर्च कोणालाही डाचत नाही. सासूबाईंनाही भाषा कळेल, त्या तीन तास नुसत्या बसून राहणार नाहीत.

मोठ्या प्रयोगाला जाऊच नका असं मी म्हणत नाही, हे लक्षात घ्या. ती रोषणाई, तो वरून खाली येणारा रथ, ते पन्नास माणसांचं एकत्र नाचणं मुलांनी एकदा बघायलाच हवं. पण वर्षातून एकदा तसा आणि दोनदा आपला, असं बसवलंत तर मुलांना तीन प्रयोग मिळतात.

आता तुमची मुलगी. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली.

दहा वर्षांच्या मुलीने तुमचा चेहरा वाचला, हिशोब मांडला आणि त्यातून स्वतःला वजा केलं. मुकुट तिने मागितला नव्हता, हे तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही विचारलंत म्हणून तिने घेतला. म्हणजे तो तलवारीचा तोल सांभाळायला झालेला खर्च, आणि ओझं मात्र तिने घेतलं. अशा मुली समजूतदार म्हणून घरोघरी वाखाणल्या जातात. कृपा करून तिला "किती शहाणी गं माझी बाय" म्हणून शाबासकी देऊ नका. दिलीत तर ती पुढच्या वेळी सहलीला नको म्हणेल, मग वाढदिवसाला, मग स्वतःला हवं ते मागणंच सोडेल. माझ्या कपडेपटात अशी एक मुलगी काम करायची. फाटलेली चप्पल ओढत यायची, पण नव्या चपलेसाठी घरी शब्द काढायची नाही. का, तर लहानपणी एकदा आई पैशांवरून रडलेली तिने पाहिली होती.

तिला जवळ बसवा, भाऊ झोपल्यावर. सांगा की त्या दिवशी आई गप्प होती ती तिच्यावर रागावून नाही. आईने आधी ठरवलं नव्हतं म्हणून आईला स्वतःचं वाईट वाटत होतं. पैशांची काळजी करायला आई-बाबा आहेत, ते तिचं काम नाही. तू आलीस म्हणून खर्च झाला नाही, तुझ्यासाठीच तर तीन महिने पैसे जमवले, हे तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या. तिला खजिनदार करू नका, घरचा जमाखर्च तिच्यापुढे मांडू नका. तिच्या हातात फक्त तिचं पाकीट द्या. आणि त्या पाकिटातले पैसे तिने भावावर खर्च करायला काढले तर तिचा हात धरा, ते तिचेच आहेत म्हणा.

मग दिवाळीची तिकिटं काढायला बसाल तेव्हा तिला शेजारी घ्या. फोनवर खुर्च्यांचा नकाशा उघडतो. आजी मधल्या वाटेजवळ बसली तर तिला उठता येईल, भाऊ उंच माणसाच्या मागे नको, हे सगळं तीच सांगेल बघा. तिची खुर्ची तिला निवडू द्या, आणि ती निवडेपर्यंत थांबा.